लॅपटॉपला किती मॉनिटर जोडता येतात? खरेदीआधी करायचा हिशेब

लॅपटॉपला दोन किंवा तीन बाहेरचे मॉनिटर जोडायचे ठरवले की आपण सहसा लॅपटॉपच्या कडेची पोर्ट मोजायला लागतो. एक एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी, म्हणजे दोन मॉनिटर झाले; यूएसबी-सीला तीन तोंडांचा डॉक, म्हणजे एका पोर्टातून अनेक जोडण्या काढून देणारा डबा, लावला की चार झाले. हे गणित वारंवार फसते, कारण पोर्ट हे केवळ दार आहे आणि त्या दारांतून एका वेळी किती स्वतंत्र चित्रे बाहेर पडतील, हे ग्राफिक्स चिप घडवतानाच ठरून गेलेले असते.

याच गणिताच्या भरवशावर मी एकदा दोन एचडीएमआय तोंडांचा हब, म्हणजे डॉकसारखाच पण लहान डबा, विकत आणला होता. "यावर दोन मॉनिटर चालतील ना?" असे मी दुकानात विचारले, आणि "चालतील" असे उत्तर मिळाले. उत्तर खोटे नव्हते. दोन्ही मॉनिटर चालू झाले, पण दोन्हींवर एकच चित्र होते. प्रश्नच अपुरा होता. माझ्या लॅपटॉपवरून दोन मॉनिटरवर दोन वेगवेगळी चित्रे दिसतील का, असे मी विचारायला हवे होते आणि त्याचे उत्तर दुकानात मिळण्यासारखे नव्हते. ते लॅपटॉपच्या माहितीपत्रकातून आपले आपणच काढावे लागते. ते कसे काढायचे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. चिप किती चित्रे देते, ती कोणत्या पोर्टमधून बाहेर पडतात आणि केबलमधून किती माहिती वाहू शकते, असे तीन टप्पे आहेत आणि तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान निघेल तोच आपला खरा आकडा असतो.

चिप किती चित्रे देते

ग्राफिक्स चिपमध्ये चित्र रेखाटणारा भाग वेगळा असतो आणि तयार झालेले चित्र मेमरीतून वाचून मॉनिटरकडे सतत पाठवत राहणारा भाग वेगळा असतो. या दुसऱ्या भागाला डिस्प्ले पाइप म्हणतात. एका स्वतंत्र चित्रासाठी एक पाइप लागतो आणि पाइपांची संख्या चिपमध्ये कायमची ठरलेली असते. ड्रायव्हर अद्ययावत केल्याने किंवा रॅम वाढवल्याने ती वाढत नाही. लिनक्समध्ये याच भागाला सीआरटीसी, म्हणजे कॅथोड रे ट्यूब कंट्रोलर, असे नाव आहे. काचेच्या जाड नळीचे मॉनिटर घरांतून कधीच गेले, पण त्यांना चालवणाऱ्या कंट्रोलरचे नाव मात्र मागे राहिले. लिनक्सवर तिसरा किंवा चौथा मॉनिटर जोडताना 'एक्सरँडआर' ही आज्ञा 'कॅनॉट फाइंड सीआरटीसी' असा संदेश देऊ लागली, तर बहुतेक वेळा पाइप संपले आहेत असे समजावे.

ग्राफिक्स मेमरी कमी आहे म्हणून मॉनिटर लागत नाही, हा समज बराच पसरलेला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 4के मॉनिटरवर 3840 गुणिले 2160 इतके ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तरी एका पूर्ण चित्राला सुमारे 33 मेगाबाइट जागा लागते. आजच्या कोणत्याही लॅपटॉपला ही जागा जड नाही. जड जाते ते काम वेगळे आहे: तेच चित्र सेकंदाला 60 वेळा मेमरीतून वाचायचे म्हणजे दर सेकंदाला सुमारे 2 गिगाबाइट माहिती अखंड उचलायची आणि त्यात क्षणाचाही खंड पडू द्यायचा नाही. प्रत्येक पाइप चिपवरची जागा आणि वीज खातो. म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात उत्पादक ते मोजूनमापून ठेवतात.

आपल्या चिपमध्ये किती पाइप आहेत हे शोधण्यासाठी आधी प्रोसेसरचे पूर्ण नाव पाहावे. विंडोजमध्ये ते 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'अबाउट' या मार्गाने सापडते. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर त्या क्रमांकाने कंपनीच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. प्रत्येक प्रोसेसरच्या तांत्रिक माहितीत किती डिस्प्ले चालतात याची एक ओळ दिलेली असते. ढोबळमानाने सांगायचे, तर 2011 च्या दुसऱ्या पिढीत दोन आणि 2012 च्या तिसऱ्या पिढीपासून दहाव्या पिढीपर्यंत तीन डिस्प्ले चालतात, आणि 2020 मध्ये आलेल्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉप चिपपासून हा आकडा चार झाला. म्हणजे आय5-8250यू असलेल्या लॅपटॉपला तीन आणि आय5-1135जी7 असलेल्याला चार. स्वस्त लॅपटॉपमध्ये दिसणाऱ्या एन100 सारख्या लहान चिप तुलनेने नव्या असूनही तीनच डिस्प्ले चालवतात, त्यामुळे केवळ खरेदीचे वर्ष पाहून निष्कर्ष काढू नये. एएमडीच्या रायझेन 4000 आणि 5000 मालिकांतील बहुतेक लॅपटॉप चिप चार डिस्प्ले चालवतात.

या आकड्यात लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही मोजलेला असतो, हे विसरल्यामुळेच सर्वाधिक घोटाळे होतात. तीन म्हणजे लॅपटॉपचा एक आणि बाहेरचे दोन. बाहेर तीन हवे असतील, तर लॅपटॉपचा पडदा बंद करून त्याचा पाइप मोकळा करावा लागतो. त्यासाठी विंडोजमध्ये झाकण मिटण्याचीही गरज नाही. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचा पडदा निवडून तो 'डिस्कनेक्ट' करता येतो. झाकण मिटूनच काम करायचे असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर काहीही करू नये असा पर्याय आधी निवडावा, नाहीतर लॅपटॉप झोपी जाईल. काही लॅपटॉप कीबोर्डच्या बाजूनेही उष्णता बाहेर सोडतात. असा लॅपटॉप तासन्‌तास मिटून ठेवल्यास तापतो, म्हणून पहिल्या दिवशी त्यावर लक्ष ठेवावे.

अ‍ॅपलच्या लॅपटॉपचा हिशेब वेगळ्या भाषेत मांडलेला असतो, कारण ही कंपनी केवळ बाहेरच्या मॉनिटरचा आकडा देते. 2020 चा एम1 हा प्रोसेसर आणि त्यानंतरचा साधा एम2 यांच्यावर चालणारे मॅकबुक अधिकृतरीत्या एकच बाहेरचा मॉनिटर चालवते. पोर्ट दोन असली तरीही. मार्च 2024 मधील एम3 मॅकबुक एअरवर दोन चालतात, पण झाकण मिटल्यावरच; मार्च 2025 च्या एम4 मॅकबुक एअरमध्ये ती अट गेली. एम1 प्रो दोन आणि एम1 मॅक्स चार बाहेरचे मॉनिटर चालवते. जुने मॅकबुक विकत घेताना 'साधा', 'प्रो' की 'मॅक्स' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे.

कोणते पोर्ट कोणत्या कार्डाला जोडलेले आहे

गेमिंगच्या किंवा व्हिडिओ संपादनाच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात: एक प्रोसेसरमधली आणि दुसरी एनव्हिडिया किंवा एएमडीची स्वतंत्र. एनव्हिडियाचे स्वतंत्र जीफोर्स कार्ड बहुधा चार डिस्प्ले चालवू शकते. इथे दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज करण्याचा मोह होतो, पण ती बेरीज उत्पादकाने पोर्टची जोडणी कशी केली आहे यावर अवलंबून असते. एखाद्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट स्वतंत्र कार्डाला आणि यूएसबी-सी प्रोसेसरमधल्या चिपला जोडलेले असते. दुसऱ्यात सगळी पोर्ट प्रोसेसरमधल्या चिपलाच जोडलेली असतात आणि स्वतंत्र कार्ड केवळ चित्र रेखाटून त्या चिपच्या हवाली करते. या दुसऱ्या प्रकारात कार्ड कितीही महाग असले, तरी मॉनिटरची मर्यादा प्रोसेसरमधल्या चिपचीच राहते. 'ग्राफिक्स कार्ड चांगले आहे, मग मॉनिटर का लागत नाही' या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

जोडणी ओळखण्याची रीत सोपी आहे. एक मॉनिटर एका पोर्टला लावावा, 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'डिस्प्ले', 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' असे जावे आणि वरच्या यादीतून तो मॉनिटर निवडावा. तो कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे हे तिथे लिहिलेले दिसते. मग तोच मॉनिटर काढून दुसऱ्या पोर्टला लावावा आणि पुन्हा पाहावे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सराउंड आणि फिजएक्सच्या पानावर हीच माहिती आकृतीच्या रूपात मिळते. काही लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो आणि तो बदलला की लॅपटॉपचा स्वतःचा पडदा एका चिपवरून दुसऱ्या चिपवर जातो. त्यामुळे प्रोसेसरमधल्या चिपचा एक पाइप मोकळा होऊ शकतो.

यूएसबी-सीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. या आकाराच्या प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. कित्येक लॅपटॉपवर ते केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी किंवा चार्जिंगसाठी असते. पोर्टशेजारी विजेचा बाण असेल तर ते थंडरबोल्ट, म्हणजे त्याच आकाराचे पण अधिक माहिती वाहणारे पोर्ट आहे, आणि डिस्प्लेपोर्ट या मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या पद्धतीचे चिन्ह असेल तर चित्र निघते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपची पुस्तिका उघडावी आणि 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड' हे शब्द शोधावेत. ते सापडेपर्यंत हबवर एक रुपयाही खर्च करू नये.

केबलमधून किती माहिती वाहते

समजा, चिपमध्ये पाइप शिल्लक आहे आणि पोर्टमधून चित्रही निघते. एकाच यूएसबी-सी पोर्टमधून दोन किंवा तीन मॉनिटर काढायचे असतील, तर ते चित्र वाटून देण्याची सोय लागते. डिस्प्लेपोर्टमध्ये ही सोय 2010 च्या 1.2 आवृत्तीपासून आहे आणि तिचे नाव एमएसटी. एका तारेतून अनेक स्वतंत्र चित्रे एकापाठोपाठ भरून पाठवली जातात आणि डॉकमधील चिप ती वेगळी करून ज्याच्या त्याच्या मॉनिटरला देते. डॉक पाइप निर्माण करत नाही. चिपकडे जेवढे आहेत तेवढेच तो पुढे नेतो. शिवाय एचडीएमआयमध्ये अशी वाटणी होत नाही, त्यामुळे एचडीएमआय स्प्लिटर लावला की दोन मॉनिटरवर एकच चित्र येणार, हे ठरलेलेच. मॅकओएस एमएसटीने वेगवेगळी चित्रे देत नाही. विंडोज लॅपटॉपवर नीट चालणारा डॉक मॅकबुकला लावल्यावर दोन मॉनिटर आरशासारखे एकसारखे दिसू लागतात, त्याचे कारण हे आहे.

आता आकडे. फुल एचडी मॉनिटर 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांच्या वेगाने, चालवायला सेकंदाला साधारण साडेतीन गिगाबिट लागतात, 2560 गुणिले 1440 च्या मॉनिटरला सुमारे 5.8 आणि 4के मॉनिटरला सुमारे 12.8. डिस्प्लेपोर्ट 1.2 च्या पूर्ण केबलमधून प्रत्यक्ष 17.28 गिगाबिट जातात आणि 2016 मध्ये आलेल्या 1.4 आवृत्तीत 25.92. म्हणजे 1.2 च्या एका तारेवर 1440 चे दोन मॉनिटर आणि फुल एचडीचा एक, असे सुमारे 15 गिगाबिट आरामात बसतात. 4के चे दोन मात्र बसत नाहीत, त्यासाठी 1.4 लागते आणि तिथेही ते काठोकाठच बसतात. 60 ऐवजी 144 हर्ट्झ निवडले, तर 1440 चा एकच मॉनिटर 14 गिगाबिटच्या आसपास खातो, आणि मग शेजारच्या मॉनिटरची सोय होत नाही. अशा वेळी काही काळ हर्ट्झ कमी करून पाहावे. दुसरा मॉनिटर लगेच चालू झाला, तर दोष तारेच्या क्षमतेत होता हे निश्चित होते.

लहान हबच्या बाबतीत हे आकडे अर्ध्यावर येतात आणि जाहिरातीत ते ठळकपणे लिहिलेले नसते. यूएसबी-सीच्या तारेत जलद माहितीसाठी चार मार्गिका असतात. हबला जलद यूएसबीही द्यायचे असेल, तर दोन मार्गिका यूएसबीला जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. म्हणजे डिस्प्लेपोर्ट 1.2 च्या लॅपटॉपवर 8.64 गिगाबिट. यात फुल एचडीचे दोन मॉनिटर बसतात. फुल एचडीचा एक आणि 1440 चा एक, म्हणजे 9.3, हे बसत नाहीत. 4के मॉनिटर 30 हर्ट्झवर उतरतो आणि माउसचा बाण पडद्यावरून अडखळत जातो. हा अनुभव आला की मॉनिटर बिघडला असे अनेकांना वाटते, पण मॉनिटर ठणठणीत असतो. थंडरबोल्ट 3 च्या तारेत सेकंदाला 40 गिगाबिट जातात आणि 4के चे दोन मॉनिटर 60 हर्ट्झवर चालतात, म्हणून लॅपटॉपला थंडरबोल्ट असेल तर डॉकही थंडरबोल्टचाच घ्यावा. तो महाग असतो, पण इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

कन्व्हर्टरविषयी थोडक्यात. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरमध्ये जायचे असेल, तर वेगळा, बहुधा स्वतःची वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. घरात पडून असलेला व्हीजीए मॉनिटर वापरायचा असेल, तरीही सक्रिय कन्व्हर्टरच हवा, कारण आतले चित्र डिजिटल असते आणि नुसत्या पिन जुळवून ते व्हीजीएचे होत नाही. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय 1.4 मधून 4के 30 हर्ट्झवरच मिळते. 60 साठी एचडीएमआय 2.0 पाहिजे.

पाइप संपल्यावरचा मार्ग

चिपचा आकडा अपुराच पडत असेल, उदाहरणार्थ एम1 मॅकबुकवर दोन मॉनिटर हवेच असतील, तर डिस्प्लेलिंक नावाची वेगळी पद्धत आहे. हिच्यात प्रोसेसर मॉनिटरसाठीचे चित्र स्वतः तयार करतो, दाबून लहान करतो, साध्या यूएसबी माहितीसारखे पाठवतो आणि डॉकमधील चिप ते उलगडून मॉनिटरला देते. ग्राफिक्स चिपचा पाइप यात लागतच नाही. डीएल-6950 ही चिप असलेला डॉक 4के चे दोन मॉनिटर 60 हर्ट्झवर चालवतो.

या सोयीची किंमत प्रोसेसर मोजतो. पत्रव्यवहार, हिशेबाच्या वह्या, कोड, ब्राउझर यांसाठी फरक जाणवत नाही; व्हिडिओ संपादन किंवा खेळ यांसाठी ही पद्धत मी सुचवणार नाही. तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, मॅकवर त्याला पडदा रेकॉर्ड करण्याची परवानगी द्यावी लागते, आणि नकलेपासून संरक्षण असलेले चित्रपट अशा मॉनिटरवर काळे दिसू शकतात. म्हणून लॅपटॉपच्या स्वतःच्या पाइपांवर जेवढे मॉनिटर लागतात तेवढे आधी थेट लावावेत आणि उरलेला एखादाच डिस्प्लेलिंकवर द्यावा. त्यावर मेल किंवा संवादाची खिडकी उघडी ठेवली की काम भागते. थंडरबोल्टला बाहेरचे ग्राफिक्स कार्ड जोडणे हाही एक पर्याय आहे, पण केवळ मॉनिटर वाढवण्यासाठी तो अवाजवी खर्चाचा आहे आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेतील चिपवर तो चालतच नाही.

प्रत्यक्ष जोडणी

सगळे मॉनिटर एकदम लावू नयेत. आधी सर्वाधिक रिझोल्यूशनचा मॉनिटर लावावा, तो योग्य रिझोल्यूशन आणि हर्ट्झवर आला आहे याची खात्री करावी, मग दुसरा, मग तिसरा. विंडोज कळ आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडावे. 'डुप्लिकेट' निवडलेले राहिले की पुरेसे पाइप असूनही एकच चित्र दिसते आणि माणूस उगाच डॉकला दोष देतो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दिसणारे क्रमांकांचे चौकोन टेबलावरच्या मांडणीप्रमाणे ओढून लावावेत. 4के आणि फुल एचडी मॉनिटर शेजारी असतील, तर दोन्हींचे स्केल वेगवेगळे ठेवावे, म्हणजे अक्षरांचा आकार सारखा दिसेल.

एखादा मॉनिटर यादीत दिसतो पण चालू होत नाही, असे झाले तर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा तात्पुरता बंद करून पाहावे. तेवढ्याने मॉनिटर चालू झाला, तर पाइप कमी आहेत. नाही झाला, तर सगळ्यांचे रिझोल्यूशन आणि हर्ट्झ उतरवून पाहावे. आता चालू झाला, तर तारेची क्षमता कमी आहे. यादीत मुळीच दिसत नसेल, तर मॉनिटरमध्ये योग्य इनपुट निवडले आहे का ते पाहावे आणि मग केबल व पोर्ट बदलून पाहावे. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डॉकवरचा एखादा मॉनिटर परत येत नसेल, तर डॉकची वीज काढून थोड्या वेळाने पुन्हा द्यावी. हे रोज घडत असेल, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून डॉकचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) आणि लॅपटॉपचे ग्राफिक्स ड्रायव्हर दोन्ही अद्ययावत करावेत. सगळे एकदा जमले की कोणती केबल कोणत्या पोर्टात आहे हे चिकटपट्टीवर लिहून केबलवरच लावावे, कारण लॅपटॉप बाहेर नेऊन परत आणल्यावर केबलींची अदलाबदल होते आणि दोन कार्डांच्या लॅपटॉपवर तेवढ्यानेही तिसरा मॉनिटर बंद पडू शकतो.